तीन प्रकारचे एअरब्रश, आणि तिघांची धुलाई वेगळी

बडोद्यातल्या वाडी भागातून एका तरुण मूर्तिकाराचा प्रश्न आला आहे. त्याच्याकडे तीन एअरब्रश आहेत, म्हणजे दाबाच्या हवेने रंगाचा बारीक फवारा मारणारी पेनासारखी हत्यारं. एक वर रंगाचा कप असलेला, ०.३ मिमी नोझलचा (नोझल म्हणजे रंग बाहेर पडतो ते पुढचं बारीक तोंड). दुसरा खाली बाटली लागणारा, ०.५ चा. तिसरा वडिलांच्या वेळचा, ज्यात रंग नोझलच्या बाहेर येऊन मग हवेत मिसळतो. तिन्ही आलटूनपालटून चोंदतात. परवा वैतागून त्याने कपवाला रात्रभर थिनरमध्ये बुडवून ठेवला. आता ट्रिगर एकदा दाबला की वर येत नाही आणि हवा चालूच राहते. गणपती दोन महिन्यांवर आलेत. तो विचारतो, ‘ताई, हा गेला का? आणि दर रंगाला पूर्ण खोलून धुवायचा असतो का?’

तू माझ्या मुलाच्या वयाचा आहेस, म्हणून अरे-तुरे करते. पहिलं उत्तर: गेलेला नाही. दुसरं उत्तर: दर रंगाला अजिबात खोलायचा नाही. चौतीस वर्षं हे हत्यार माझ्या हातात आहे. १९९१ साली लग्न होऊन बडोद्याला आले तेव्हा सासऱ्यांचा रावपुऱ्यात फोटो स्टुडिओ होता आणि फोटोंची पार्श्वभूमी ते एअरब्रशने पुसत. त्यांच्याकडून मी शिकले. पुढे साइनबोर्ड आले, मग गणपती, मग मोटरसायकलच्या टाक्या. आता मूर्तिकारांचे, फाइन आर्ट्सच्या मुलामुलींचे बिघडलेले एअरब्रश माझ्याकडे दुरुस्तीला येतात. त्यातले निम्मे तरी चुकीच्या धुण्याने बिघडलेले असतात. त्याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण काळजी घेणाऱ्या माणसाच्याच हातून ते झालेलं असतं.

धुण्याआधी आत काय चाललंय ते समजून घे. एअरब्रशला एक ओली बाजू असते आणि एक कोरडी. कप, कपाच्या खालची वाट, नोझल आणि सुईचं पुढचं टोक ही ओली बाजू. ट्रिगर, त्यामागची स्प्रिंग, सुई आवळणारा चक नट आणि खाली होज, म्हणजे कॉम्प्रेसरकडून हवा आणणारी नळी, लागतो तिथला हवेचा व्हॉल्व्ह ही कोरडी बाजू. दोघींच्या मधे सुईभोवती एक बारीकसं पॅकिंग असतं, चांगल्या ब्रशात टेफ्लॉनचं, स्वस्तात बहुधा रबराचं. ते पॅकिंग म्हणजे मधली भिंत. हवा व्हॉल्व्हमधून निघून बॉडीतल्या वेगळ्या वाटेने पुढे जाते आणि नोझलच्या भोवतीने बाहेर पडते. तिथे दाब कमी होतो आणि रंग ओढला जातो. म्हणजे रंगाचा आणि ट्रिगरचा कधी संबंधच यायला नको. अख्खा ब्रश थिनरमध्ये बुडवला की ही भिंत निरर्थक होते. विरघळलेला रंग कोरड्या बाजूला शिरतो, तिथलं वंगण धुतलं जातं आणि व्हॉल्व्हमधली रबराची ओ-रिंग (हवा गळू न देणारी बारीक कडी) थिनर पिऊन फुगते. तुझं नेमकं हेच झालंय. फुगलेली रिंग व्हॉल्व्हच्या दांडीला धरून बसली आहे, स्प्रिंगला ती वर ढकलता येत नाही.

आता दुरुस्ती. होज काढ. जिथे होज बसतो त्याच्या तोंडात आत पाहिलंस तर एक छोटा खाच असलेला स्क्रू दिसेल. त्याच्या मागे स्प्रिंग आणि दांडी असते. काही ब्रशात अख्खा व्हॉल्व्हच पान्ह्याने निघतो. हे काम पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून कर, कारण ती स्प्रिंग उडाली की कारखान्यातल्या प्लॅस्टरच्या भुकटीत सापडत नाही. दांडीवरची ओ-रिंग लाकडी टूथपिकने काढ, सुईने नको, सुईने तिला चीर जाते. थिनर उडून गेल्यावर एक-दोन दिवसांत रिंग कधी कधी मूळ मापावर येते, पण बऱ्याचदा ती कडक होऊन तडकते. म्हणून तात्पुरती चालली तरी बदलच. जुनी रिंग डबीत घालून दुकानात ने आणि मापाला माप लावून घे. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीच्या बाजूला हायड्रॉलिक आणि न्युमॅटिकचं सामान विकणाऱ्यांकडे असल्या बारीक रिंगा मिळतात. ‘व्हायटॉन’ नावाच्या खास रबराची माग. ती बऱ्याच सॉल्व्हंटला साध्या काळ्या रबरापेक्षा जास्त टिकते, पण एनसी थिनरमध्ये तीही फुगते. सुईचं पॅकिंग झिजलं असेल तर तिथलाच एखादा लेथवाला टेफ्लॉनच्या सळईतून तसंच वॉशर काढून देतो. माझ्या दोन ब्रशांत अशीच वॉशरं आहेत.

नवी रिंग बसवताना तिच्यावर ग्लिसरीनचा एक थेंब लाव. मेडिकलमध्ये मिळतं ते साधं ग्लिसरीन. शिलाई मशीनचं तेल किंवा गंज काढायचा स्प्रे लावू नकोस. तेलाचा अंश हवेबरोबर पुढे जातो आणि रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. सिलिकॉन असलेलं वंगण तर कारखान्यातसुद्धा आणू नये.

आता रोजचं धुणं, आणि ते प्रत्येक प्रकाराला वेगळं.

कपवाल्यापासून सुरू करू, कारण तुझं अंगाचं शेडिंग, गालांची लाली, सोंडेच्या वळ्या सगळं त्यानेच होत असणार. हा डबल अॅक्शन आहे: दाबला की हवा, मागे ओढला की रंग. एका रंगातून दुसऱ्यात जाताना खोलायचं काहीच नाही. उरलेला रंग बाटलीत ओत, कप कापडाने पूस, अर्धा कप पाणी घाल, मऊ ब्रशने कपाचा तळ ढवळ, कारण रंग तिथेच बसतो, आणि ते पाणी बरणीत उडव. मग पुन्हा थोडं पाणी घालून नोझलच्या तोंडावर ओलं कापड हलकेच धरून ट्रिगर मागे ओढ. हवा उलटी फिरून कपात बुडबुडे येतील. दोन-तीन सेकंद पुरे. हे बुडबुडे नोझलच्या आतल्या भिंतीवरचा रंग सैल करतात. ते पाणी ओतून टाक, आणखी एकदा स्वच्छ पाणी उडव. सगळं मिळून एक मिनिट लागतं. फिक्याकडून गडद रंगाकडे गेलास तर तेवढंही लागत नाही. सगळ्या मूर्तींची त्वचा आधी, मग लाली, मग तपकिरी सावल्या, असा क्रम लाव.

दिवसाच्या शेवटी मात्र सुई काढायची. मागचं हँडल काढून चक नट सैल कर. पण आधी कप पूर्ण धुतलेला हवा. न धुता सुई मागे ओढलीस तर तिच्यावरचा ओला रंग पॅकिंगमधून घासत कोरड्या बाजूला येतो. बहुतेकांचा ट्रिगर महिन्याभरात चिकट होतो तो यामुळेच. सुई काढली की ओल्या कापडाच्या घडीत धरून, गोल फिरवत, मागून टोकाकडे पूस. टोकाकडून मागे पुसायला गेलास तर एक तर टोक वाकेल, नाहीतर बोटात घुसेल. सुई परत घालताना ती सरळ रेषेत, अलगद सरकव. नोझलला टेकली की थांब. तिथून पुढे एक कणभरही ढकलू नकोस, तशीच धरून चक नट आवळ. सुई शंकूसारखी आहे आणि नोझल आतून शंकूसारखं आहे. जोर दिलास तर सुई पाचरीचं काम करते आणि नोझलचं तोंड फाकतं. केसाएवढी चीर पडते, डोळ्यांना दिसत नाही, पण त्यानंतर तो ब्रश बारीक रेघ कधीच मारत नाही.

आता नोझल. तुझा ०.३ चा स्वस्तातला आहे, जपानी घडणीची नक्कल. त्याचं नोझल तांदळाच्या दाण्याएवढं असतं आणि आट्यांनी बॉडीत बसतं. हे आटे इतके बारीक असतात की पान्ह्याने जरा जास्त आवळलं की नोझल मानेतून तुटतं आणि आटे आत राहतात. स्टुडिओत पहिल्याच वर्षी मी असं एक तोडलं होतं. ब्रश सासऱ्यांचा होता. ते काहीच बोलले नाहीत. त्यांनी बारीक कानशीचं चौकोनी शेपूट त्या तुटक्या आट्यात हलकेच रोवलं आणि उलटं फिरवून तुकडा बाहेर काढला. तेव्हापासून मी नोझल बोटांनी बसेपर्यंत फिरवते आणि पान्ह्याने फक्त टेकवते, घड्याळाच्या काट्याच्या दोन-तीन मिनिटांइतकं. त्याहून जास्त नाही. हवा गळत असेल तर जास्त आवळायचं नसतं, आट्यांवर मधमाश्यांच्या मेणाचा पुसट लेप द्यायचा असतो. आणि नोझल काढण्याआधी सुई मागे घेतलेली हवी. टोक आत असताना नोझल फिरवलंस तर दोन्ही जातात.

सगळ्याच ब्रशांचं नोझल आट्यांचं नसतं. इवाता कंपनीच्या एक्लिप्स मालिकेत आणि हार्डर अँड स्टीनबेक कंपनीच्या इव्हॉल्यूशन, इन्फिनिटीत नोझल नुसतं आत ठेवलेलं असतं. पुढचं टोपण फिरवलं की ते आपोआप मध्यात बसतं, पान्हा लागतच नाही. मूर्तिकारांना मी हाच प्रकार सुचवते, कारण सीझनमध्ये रात्री दीडला झोपेने डोळे मिटत असताना पान्हा धरायची वेळ येऊ नये. एवढंच, की टोपण काढताना ब्रश उभा, तोंड वर करून धर, नाहीतर ते इवलंसं नोझल टपकन खाली पडतं. सिंकवर तर कधीच खोलू नकोस. टेबलावर पांढरा जाड टॉवेल पसरून खोल. त्यावर पडलेलं काही उसळत नाही आणि हरवत नाही.

नोझल आतून साफ करायला लोक शिवणाची सुई, तार, गिटारची तार, काय काय घालतात. स्टीलचं काहीही घालू नकोस. दातांच्या फटींसाठी मेडिकलमध्ये जो बारीक ब्रश मिळतो तो मागच्या रुंद बाजूने घाल आणि फिरव. मग भिंगातून उजेडाकडे धरून बघ. भोक गोल दिसलं पाहिजे. अंडाकृती दिसलं किंवा कडेला काळी रेघ दिसली तर ते नोझल संपलं. भिंग मात्र चांगलं घे, घड्याळजींकडे असतं तसं डोळ्याला लावायचं.

बाटलीवाल्याचं दुखणं वेगळंच असतं. तो खालून रंग ओढतो, त्यामुळे त्याला हवा थोडी जास्त लागते, आणि तो अडकतो तेव्हा दोष बहुतेक वेळा ब्रशात नसतोच. बाटलीच्या झाकणाला एक टाचणीएवढं भोक असतं. रंग बाहेर गेला की त्याच्या जागी हवा आत यायला ते भोक लागतं. ते वाळलेल्या रंगाने बुजलं की बाटलीत पोकळी होते, दोन मिनिटं रंग नीट येतो, मग पातळ होत होत बंद पडतो. माणूस नोझल उघडून बसतो आणि दोष असतो झाकणाला. चोंदला की आधी बाटली सैल करून बघ. रंग सुरू झाला तर भोकच बुजलंय. टूथपिकने मोकळं कर. याच भोकामुळे या ब्रशात उलटी हवा फिरवताना रंगाचा कारंजा उडतो, म्हणून बुडबुडे काढायचे तर बाटलीत फक्त पाणी घालून आणि झाकणावर कापड धरून. दुसरी जागा म्हणजे बाटलीतली नळी आणि ती ब्रशात जिथे बसते ते तोंड. तिथे पांढऱ्या रंगाचा थर साचत जातो. बाटलीच्या ब्रशने आठवड्यातून एकदा घासायचा. बाकी सुई आणि नोझल कपवाल्यासारखंच. पुढच्या डोक्यात टेफ्लॉनचं छोटं सील असेल तर धुताना ते नाल्यात जाऊ देऊ नकोस. बॅजर कंपनीच्या ब्रशांत असतं, आणि ते हरवलं की ब्रश रंगात बुडबुडे काढायला लागतो.

वडिलांच्या जुन्या ब्रशाचं मला सगळ्यात जास्त कौतुक आहे. तुझ्या वर्णनावरून तो पाश कंपनीच्या ‘एच’ घडणीचा दिसतो, सिंगल अॅक्शन. ट्रिगर फक्त हवा सोडतो, रंग किती यायचा ते पुढचा शंकू फिरवून ठरवायचं. रंग आणि हवा बॉडीच्या आत भेटतच नाहीत, त्यामुळे आत घाण जायला वाव नाही. त्याला धुवायचं म्हणजे बाटली बदलून पाण्याची लावायची, भरपूर उडवायचं, शंकू पूर्ण फिरवून काढायचा, दोन्ही तुकडे ब्रशने घासायचे आणि परत लावायचे. बस. हवेची बाजू पूर्वी कोणी उघडली नसेल तर तूही उघडू नकोस. मूर्तींचा पांढरा बेस, मोत्याची चमक, शेवटचं वार्निश हे सगळं याच्याकडेच दे. मोत्याच्या आणि सोनेरी रंगात अभ्रकाचे पापुद्रे असतात. ते ०.३ च्या तोंडात एकमेकांवर चढून अडकतात. तुझा कपवाला वारंवार चोंदतो त्याचं निम्मं कारण तो मुकुटासाठीही वापरला जातो हे असणार. मुकुटाचं काम ०.५ ला किंवा या जुन्याला दिलंस तर धुणंच निम्मं होईल.

कशाने धुवायचं, हे रंगावर ठरतं, ब्रशावर नाही. आपल्याकडे बरेच मूर्तिकार पोस्टर रंगात फेव्हिकॉल घालतात. असला रंग नोझलमध्ये वाळला की थिनरने हलत नाही, पण कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवला की फुगून सुटतो. अॅक्रिलिक ओला असेपर्यंत पाण्याने जातो. वाळल्यावर त्याचं प्लास्टिक होतं आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानांत ते मिळतं. क्रम मात्र चुकवू नकोस: आधी पाणी, मग अल्कोहोल. ओल्या अॅक्रिलिकवर थेट अल्कोहोल ओतलं की काही रंगांची दह्यासारखी गुठळी होते आणि ती नोझलमध्ये जाऊन बसते. ऑइल इनॅमल असेल तर टर्पेंटाइन. एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर फक्त एनसी लॅकरसाठी, किंवा कशानेच न सुटणाऱ्या सुट्या धातूच्या भागासाठी, तेही काही मिनिटं आणि रबर बाजूला काढून. हार्डनर घालायचा गाडीचा रंग कपात ठेवून चहाला जायचं नाही. तो वाळत नाही, पिकतो, आणि पिकला की कोणत्याही थिनरने परत येत नाही. त्या रंगातली आयसोसायनेट नावाची रसायनं फुप्फुसाला कायमचं दुखणं देऊ शकतात. त्याला साधा मास्क पुरत नाही, म्हणून घरातल्या कारखान्यात तो फवारूच नये असं माझं ठाम मत आहे.

काच पुसायचं अमोनियावालं निळं पाणी बरेच जण वापरतात, कारण त्याने अॅक्रिलिक झटकन सुटतं. मी ते घरात ठेवत नाही. एअरब्रशची बॉडी पितळेची असते, वर क्रोमचा मुलामा, आणि स्वस्त नोझलही पितळेचं असतं. पितळ आणि अमोनियाचं वैर आपल्याच देशात उघड झालं. इंग्रज फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवली की आपोआप तडकायची. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि ओल, आणि घडवताना पितळेत राहिलेला ताण, यांमुळे ते होत होतं, याचा उलगडा १९२१ साली झाला. आवळून बसवलेल्या नोझलमध्येही ताण असतोच. तो मुलामा एकदा कपाच्या तळाशी झिजला की अमोनियाला पितळ उघडं सापडतं. एकदा पुसलंस तर काही होणार नाही, पण रात्रभर बुडवून ठेवायला ते नक्कीच नाही.

पाण्याचंही सांगते. आजवा तलावाचं पाणी नळाला येतं तिथे फारसा त्रास नाही, पण बोअरच्या पाण्याने धूत असशील तर नोझलच्या तोंडावर पांढरी खार धरते. ती रंग समजून माणूस थिनर ओतत बसतो आणि ती हलत नाही. घरात ढोकळ्यासाठी लिंबूफूल असतंच. कपभर कोमट पाण्यात अर्धा चमचा घाल, सुटं नोझल आणि टोपण पाच मिनिटं ठेव, मग भरपूर धू. शेवटचं पाणी मी नेहमी बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वापरते. एक कॅन महिनोन् महिने जातो.

चष्मे धुवायची अल्ट्रासॉनिक मशिनं आता सगळीकडे मिळतात. सुट्या नोझल-टोपणांसाठी चांगली आहेत: पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, चार-पाच मिनिटं. सुई घालू नकोस, तिचं टोक भांड्याच्या तळावर आपटत राहतं. अख्खा ब्रश घालू नकोस, कारण तेच थिनरमध्ये बुडवण्यासारखं. आणि त्यात थिनर किंवा अल्कोहोल तर मुळीच नको. मशीन तापतं, वाफ होते आणि भडका उडू शकतो. मूर्तींच्या कारखान्यात सकाळी उदबत्ती लावलेली असते, समई असते. थिनर उडवून धुताना ती दुसऱ्या खोलीत हवी. धुण्याचा फवारा हवेत सोडू नकोस. झाकणाला भोक पाडलेल्या काचेच्या बरणीत उडव, भोकाशी ओल्या स्पंजचा तुकडा लाव.

आता, ब्रश काय सांगतोय ते ओळखायला शिक, म्हणजे विनाकारण खोलावा लागणार नाही. कपात आपोआप बुडबुडे येतात: नोझल सैल आहे, फाकलंय किंवा त्याचं सील गेलंय. फवारा एका बाजूला जातो: सुईचं टोक वाकलंय. ते नखावर हलकेच ओढून बघ, आकडा असेल तर नखात अडकतो. थोडंच वाकलं असेल तर काचेवर दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर ठेवून, सुई जवळजवळ आडवी धरून, फिरवत फिरवत मागे ओढायची. दोनदा असं करून सुधारलं नाही तर नवी सुई घे. ट्रिगरच्या भोकात रंग दिसला: पॅकिंग झिजलंय किंवा त्याचा स्क्रू सैल झालाय, पाव आटा आवळून बघ, पण सुई अडेल इतका नको. ट्रिगर सोडला तरी रंग ठिबकतो: सुई नोझलला पूर्ण टेकत नाही, आत कचरा आहे. रंग थुंकल्यासारखा उडतो आणि पुन्हा नीट येतो: टोकावर रंग वाळलाय. मे-जूनच्या आपल्या कोरड्या उन्हाळ्यात हे दर पाच मिनिटांनी होतं. त्याला खोलायचं नाही, ओल्या मऊ ब्रशने सुईचं टोक पुसायचं आणि रंगात किंचित रिटार्डर, म्हणजे रंग उशिरा वाळवणारं द्रव, घालायचं.

आणि पाण्याचे थेंब उडत असतील तर दोष ब्रशाचा नाहीच. भाद्रपदात हवेत ओल इतकी असते की कॉम्प्रेसरमध्ये दाबून तापलेली हवा होजमध्ये गार होताना पाणी सोडते. टाकीच्या खालची चावी रोज संध्याकाळी उघडून पाणी काढ. मॉइश्चर ट्रॅप, म्हणजे हवेतलं पाणी अडवणारी डबी, कॉम्प्रेसरपाशी लावून उपयोग कमी, होजच्या ब्रशाकडच्या टोकाला लाव, म्हणजे हवा गार झाल्यावर त्यातून जाईल. दाब शेडिंगला वीस-पंचवीस पीएसआयच्या आसपास ठेव. चोंदलेला ब्रश मोकळा करायला दाब वाढवण्याचा मोह होतो, त्याने कचरा आणखी घट्ट बसतो.

चोंदण्याचं एक कारण तू प्रश्नात लिहिलेलं नाहीस, पण ते तुझ्या कारखान्यात असणारच: प्लॅस्टरची आणि पॉलिश पेपरची भुकटी. घासकाम आणि फवारकाम एकाच खोलीत चालतं ना? रंगाची बाटली उघडी राहिली की ती भुकटी त्यात पडते आणि मग कितीही धुतलंस तरी अर्ध्या तासात ब्रश अडकतो. रंग कपात घालण्याआधी बायकांच्या नायलॉनच्या मोज्यातून गाळ. मलमल नको, तिचे तंतू सुटतात आणि सुईला गुंडाळले जातात. मी दुरुस्त करते त्या ब्रशांत वाळलेल्या रंगाइतकेच कापडाचे तंतू सापडतात.

सीझन संपला, विसर्जन झालं की लोक ब्रश तसेच खोक्यात टाकतात आणि पुढच्या जूनला काढतात. त्याऐवजी त्या दिवशी पूर्ण धू, वाळव, पॅकिंगवर ग्लिसरीन लाव, सुई आत ठेवून पुढची टोपी चढव, पण चक नट अर्धा सैल सोड, म्हणजे वर्षभर सुईचं टोक नोझलवर दाबून राहणार नाही. कपात पाणी ठेवू नकोस.

तुझ्या कपवाल्याचं आता असं कर. आज फक्त व्हॉल्व्ह उघड, बाकी काही नको. रिंग काढून उघड्यावर ठेव, दांडी आणि स्प्रिंग अल्कोहोलने पूस, ट्रिगरच्या पोकळीत कापूस लावलेली काडी फिरवून गाळ काढ. परवा रिंग घेऊन बाजारात जा. नवी बसवल्यावर होज लाव, जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघ, मग पाणी भरून काळ्या काचेच्या तुकड्यावर रेघ मार. रेघ सरळ आणि दोन्ही कडांनी सारखी आली तर नोझल वाचलंय. तुटक किंवा एका बाजूला पसरलेली आली तर नोझल आणि सुई दोन्ही पिशवीत घालून माझ्याकडे घेऊन ये, दुपारी चारनंतर मी स्टुडिओतच असते, आपण भिंगातून एकत्र बघू.